कुलूप काढायच्या आधी घराला एक चक्कर मारा

5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाला आणि नागपूरपासून ठाणे जिल्ह्यापर्यंतचा 701 किलोमीटरचा रस्ता सलग झाला. मुंबईकडे स्थिरावलेल्या वऱ्हाडी माणसाला गाव एकदम जवळ आलं. इंटरचेंज उतरल्यावरचा रस्ता मात्र जुनाच, आणि त्याच्या टोकाला तीन-चार पावसाळे बंद असलेलं मातीचं घर. राहायला नाही तरी सणावाराला उघडू, असा विचार करणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे.

मातीचं घर म्हातारं होऊन पडत नाही. साठ वर्षं उभं असलेलं घर कुलूप लागल्यावर चार-पाच पावसाळ्यांत बसतं, आणि त्याच गल्लीतलं तितकंच जुनं राहतं घर खणखणीत असतं. चुलीच्या धुराने मयाली (भिंतीवर टेकलेल्या आडव्या तुळया) आणि वासे कोरडे राहत, त्यांवर काजळी धरे, भुंगा सहसा लागत नसे. 2016 ला उज्ज्वला योजना आली, गॅस खेड्यात पोचला. बायकांचे डोळे आणि छाती वाचली हे चांगलंच झालं, पण छपराचं औषध गेलं. उधईचं, म्हणजे वाळवीचं, वेगळं आहे. ती धुराला भीत नाही. जमिनीतून निघून भिंतीवर मातीची बारीक नळी बांधत ती वर चढते, आणि आठवड्याला पोतेरं फिरवणारा हात ती नळी पुसून टाकायचा.

सारवायला शेण हवं, शेणाला बैल हवेत. ट्रॅक्टर आल्यापासून पोळ्याच्या तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या जोड्या किती उरल्या ते आपापल्या गावात मोजून पाहा. छाबायला, म्हणजे भिंतीवर मातीचा गिलावा करायला, कुटार (भुसा) हवं, तर हार्वेस्टरने काढलेल्या गव्हाचं कुटार वावरातच उडतं. कवेलू (मातीची कौलं) भाजणाऱ्या भट्ट्या टिनांनी, म्हणजे पत्र्यांनी, बंद पाडल्या. टिनं आली ती काही सगळी हौसेने नाही. वानरांच्या टोळीने छपरावरून एक फेरी मारली की पाच-पंचवीस कवेलू फुटतात, आणि दरसाल ते फेरणारा, म्हणजे काढून पुन्हा रचणारा, माणूस मिळेनासा झाला. म्हणजे घर पडतं ते सामान, माणूस आणि सवय हे तिन्ही गावातून निघून गेल्यामुळे. दुरुस्तीला बसताना आधी हे लक्षात घ्यावं, नाहीतर सगळा पैसा रंगरंगोटीत जातो.

दिवाळीत येऊन काम काढू नका. तेव्हा सोयाबीन निघत असतं, कापूस वेचणीला आलेला असतो, दुप्पट मजुरी देऊनही माणूस मिळत नाही. भिंतींचं काम होळीच्या आसपास करावं, कारण भर मे महिन्यात छाबलेली भिंत फार लवकर वाळते आणि तडकते. कवेलू मात्र मे महिन्यातच फेरावेत, मृग लागायच्या आत. तेही सकाळी दहापर्यंत, नंतर ते तापून हात लावू देत नाहीत.

कुलूप काढायच्या आधी घराला बाहेरून चक्कर मारा. भिंतीचं पोट पुढे आलेलं दिसलं, तर आत न जाता आधी गवंड्याला बोलवा. बंद घरात उंदीर, आणि उंदरामागे साप. दिवसाउजेडी दोन्ही दारं सताड उघडा, अर्धा तास थांबा, मग जाड बूट घालून बॅटरी आणि काठी घेऊन आत शिरा. पहिली रात्र जमिनीवर झोपू नका. खाट भिंतीपासून दूर ओढा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश कित्येकदा मुंगी चावल्याइतकाही जाणवत नाही. दंशाची शंका आली तरी चिरणं नको, आवळून बांधणं नको, मांत्रिक नको. हात-पाय हलू न देता सरळ प्रतिसर्पविष मिळणारं सरकारी रुग्णालय गाठा.

आता लाकूड. मयालीची टोकं, जिथे ती भिंतीत शिरते, तिथेच आधी सडतात. मधला भाग चकचकीत दिसला म्हणून फसू नका. हातोडीने ठोकत जा. भरीव लाकूड टणक आवाज देतं, पोखरलेलं भद्द वाजतं. शंका आली तिथे जाड सळई दाबून पाहा. बोटाच्या पेरभर सहज शिरली तर त्या मयालीखाली दोन्ही बाजूंनी टेकू दिल्याशिवाय वरचा एकही कवेलू हलवू नका. भार एका बाजूने कमी झाला की कुजकं टोक निसटतं. बहुतेक अपघात इथेच होतात.

उधईसाठी क्लोरपायरीफॉस 20 टक्के हे औषध 1 लिटर घेऊन 19 लिटर पाण्यात मिसळा. भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेवर एकेक फुटावर सब्बलीने (पहारीने) तिरपी भोकं पाडा आणि प्रत्येकात सावकाश साधारण लिटरभर द्रावण मुरवा. हातमोजे, तोंडाला फडकं, आणि दोन दिवस घरात मुक्काम नाही. विहीर किंवा आड भिंतीला लागून असेल तर हे औषध वापरूच नका, पाण्यात उतरतं. नळ्या खरवडून काढा, पण औषध दिल्यानंतर. आधी काढल्या तर उधई कुठून चढते तेच कळत नाही.

देशी कवेलू फेरताना वळचणीपासून सुरुवात करून आढ्याकडे जायचं. खालची ओळ उताणी, वरची पालथी, आणि पुढचा कवेलू मागच्यावर निदान तिसरा हिस्सा चढलेला. पाय नेहमी वाशावर, दोन वाशांच्या मधल्या बांबूच्या कमच्यांवर कधीच नाही. नवे देशी कवेलू आता फारसे मिळत नाहीत. पडलेल्या घरांचे मालक ढीग विकतात, तेच घ्यावेत. देशीमध्ये इंग्रजी (चपटे, मंगलोरी) कवेलू मिसळू नका, त्यांचा बाक जुळत नाही आणि जोडातून पाणी उतरतं.

भिंतीच्या बाबतीत एकच हट्ट धरा: मातीवर सिमेंट नको. गवंडी म्हणेलच, "एकदा प्लास्टर मारून टाका, कटकट गेली." सिमेंट भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही. आत माती मऊ होत जाते, बाहेरून भिंत ठणठणीत दिसते, आणि दोन-तीन वर्षांनी पापुद्र्यासकट अर्धा हात माती खाली येते. ऑइल पेंटचंही तेच. माती पांढरीतलीच, म्हणजे गावठाणातल्या पांढुरक्या जमिनीतलीच, घ्या. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. जुन्या लोकांनी गाव पांढरीत आणि पीक काळीत ठेवलं ते उगाच नाही. चाळलेली माती चार घमेली, कुटार एक घमेलं, आठवडाभर भिजवून रोज पायाने तुडवा. आधी भिंतीवर हातभर जागेत थापून दोन दिवस पाहा. तडे गेले तर थोडी रेती आणि कुटार वाढवा, बोटाने भुगा झाला तर चिकण माती वाढवा. भिंत ओली करून मगच छाबा, एका वेळी अर्ध्या इंचाहून जाड नाही.

एक नवीनच दुखणं आहे, जुन्या घरांना ते माहीत नव्हतं. गल्लीत जुना सिमेंट रस्ता न खोदता त्याच्यावर नवा टाकतात. दोन-तीनदा झालं की घराचं जोतं रस्त्याच्या खाली जातं आणि पावसाचं पाणी थेट ओसरीत. दारासमोर नाली आणि उंच उंबरा हा तात्पुरता इलाज. खरा इलाज म्हणजे नवा रस्ता मंजूर व्हायच्या आधी, जुना थर काढूनच काम करा, असा लेखी अर्ज ग्रामपंचायतीत देणं आणि त्याची पोच घेणं.

कागदाचं थोडक्यात. गावठाणातलं घर सातबाऱ्यावर नसतं. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर कर कोणाच्या नावाने लागतो ते पाहा. तो तलाठ्याच्या आठ-अ पेक्षा वेगळा, आणि मालकीचा पक्का पुरावाही नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावात मिळकत पत्रिका तपासा. चौकशीच्या वेळी घर बंद असेल तर नावांत गोंधळ झालेला असू शकतो.

विहिरीत स्वतः उतरू नका, तळाशी वायू साचलेला असतो. उपसा करून घ्या, मग ब्लीचिंग पावडर: 1000 लिटरला 2.5 ग्रॅम. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 4 मीटर पाणी म्हणजे सुमारे 28,000 लिटर, त्याला 70 ग्रॅम. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचं पाणीच सोडा, आणि तासभर थांबून मग वापरा.

हे सगळं करून परत कुलूप लावून निघालात, तर तीन पावसाळ्यांनी पुन्हा तेच. किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या, रीतसर महिना ठरवून, उपकार म्हणून नको. आठवड्यातून एकदा दारं-खिडक्या उघडायच्या, भिंतीच्या बुडाशी पोतेरं फिरवायचं, पावसाळ्यात जुन्या चुलीत चार पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) पेटवायच्या. आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी आढ्याखालचा आणि मयालीच्या टोकांचा फोटो मागवा. ओलीचा डाग तेव्हाच दिसतो, आठ दिवसांनी वाळून जातो.