नाकाचा निवाडा

वासाबद्दल लिहिणं हा तसा आतबट्ट्याचा व्यवहार. गाण्यावर लिहिलं तर वाचक ते लावून ऐकतो, सिनेमाचं परीक्षण वाचून तिकीट काढतो किंवा तिकिटाचे पैसे वाचवतो. परफ्यूमचं परीक्षण वाचणाऱ्याच्या नाकाला मात्र छापील कागदाचाच वास येतो. तरीही जगात परफ्यूमचे समीक्षक आहेत आणि मी त्यांचं लिखाण चवीने वाचते. त्यातल्या बहुतेक बाटल्या घ्यायची ऐपत नाही, म्हणून तर जास्तच.

२००६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने चँडलर बर यांना चक्क परफ्यूम समीक्षक म्हणून नेमलं. २००८ मध्ये लुका ट्यूरिन आणि तानिया सांचेझ यांनी दीडेक हजार परफ्यूमना एक ते पाच तारे वाटणारं पुस्तक काढलं. ट्यूरिन मूळचे जीवभौतिकशास्त्रज्ञ, पण हात सढळ. मोठमोठ्या नावांची त्यांनी आणि सांचेझबाईंनी यथेच्छ धुलाई केली आहे, कधी कधी तर एका ओळीत. एका ओळीतली समीक्षा आपल्याला काही नवी नाही म्हणा. लग्नाच्या हॉलमध्ये शेजारी येऊन टेकलेली मावशी पदर नाकाला लावून "कुठला गं हा सेंट मारलायस? डोकं उठलं माझं" म्हणते, तेव्हा तारे वजाच झालेले असतात.

फरक एवढाच, की मावशी पहिल्या मिनिटाला निकाल देते आणि समीक्षक थांबतो. लिंबू-संत्र्याच्या जातीचे हलके वास बघता बघता उडून जातात. मग फुलं वर येतात. चंदन, व्हॅनिला, कस्तुरी ही जड मंडळी तासन्‌तास अंगाला धरून राहतात. मुघलांच्या बागेचं नाव घेतलेलं गेरलँ कंपनीचं १९२५ चं 'शालिमार' सुरुवातीला बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळामुळे आंबूस-तजेलदार वाटतं. पुढे उरतो तो व्हॅनिलाचा गोडवा आणि त्याला किंचित धुराची, चामड्याची कड. दुकानात कागदाची पट्टी हुंगून पाच मिनिटांत बाटली घेणं म्हणजे नांदी ऐकून नाटकाला टाळ्या वाजवण्यासारखं आहे. मोहम्मद अली रोडवरच्या एका अत्तरवाल्या चाचांना हे पक्कं ठाऊक. काचेच्या बुचाची दांडी ते मनगटाच्या मागच्या बाजूला जेमतेम टेकवतात. आपण सवयीने मनगटावर मनगट घासायला गेलो, की "रगडना नहीं" म्हणून दटावतात. आणि मग, गल्ल्यावर बसलेल्या माणसाने सहसा म्हणू नये असं वाक्य: "अभी मत लीजिए, घर जाके सूंघिए."

थांबूनही पंचाईत संपत नाही, कारण ज्यावर लिहिलं ते जागेवर राहत नाही. गेरलँचंच १९१९ चं परफ्यूम 'मित्सुको' घ्या. त्याचा पाया ओकमॉसचा. ओकमॉस म्हणजे झाडांवर वाढणारं दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं भावंडच. डब्यातलं कोरडं दगडफूल चुरगळून हुंगलं, की पावसाळ्यातल्या लाकडाचा, मातीचा, जरा कडसर असा वास येतो, भाजण्याआधीचा. त्या जातीचा वास फुलं आणि पीचच्या खाली अंथरला आहे अशी कल्पना करायची. पण ओकमॉसने काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते, म्हणून त्याच्या वापरावर मर्यादा आल्या आणि अशा कितीतरी जुन्या परफ्यूमची घडण बदलावी लागली. नाव तेच, बाटली तीच, आतला ऐवज निराळा. मग जुनी परीक्षणं नेमकी कशाची म्हणायची? व्हर्सायला १९९० मध्ये ओस्मोथेक नावाचं सुगंधांचं संग्रहालय उघडलं. तिथे जुनी परफ्यूम अंधारात, १२ अंशांवर, आर्गॉन या निष्क्रिय वायूखाली जपून ठेवतात. कुणाला हा श्रीमंती चोचला वाटेल. मला वाटत नाही. जुन्या गायकांच्या तबकड्या आपण जपतोच की.

आणि सगळं जमलं तरी नाकं सारखी नसतात. व्हायोलेटच्या फुलात बीटा-आयोनोन नावाचं द्रव्य असतं. एका जनुकातल्या फरकामुळे ते काहींना फुलासारखं गोड वाटतं, काहींना आंबट, नाकात जाणारं. कृत्रिम कस्तुरीच्या काही प्रकारांचा तर कित्येकांना वासच येत नाही.

त्या कित्येकांत मी आहे. एका नावाजलेल्या मस्कची, म्हणजे कस्तुरीच्या परफ्यूमची, नमुन्याची कुपी मिळाली. परीक्षणात स्तुतीचा नुसता पाऊस होता. मोठ्या आशेने लावलं, थांबले, चाचांच्या शिस्तीत पुन्हा हुंगलं. नळाचं पाणी लावल्यासारखं. म्हणून अजून थोडं लावलं. तेवढ्यात नवरा बाहेरून आला आणि "जिन्यात वास येतोय, काय सांडलंय?" म्हणत खिडक्या उघडायला लागला. कुपी अजून निम्मी आहे. मी ती वापरते, पण किती थेंब लावायचे ते तो सांगतो.