खुराड्यातली वही

पेटालुमाला (कॅलिफोर्निया) घर घेतलं, तेव्हा परसातल्या मोडक्या खुराड्यात दोन वस्तू मिळाल्या. ३० डझन अंडी मावतील असं लाकडी खोकं, आणि पेन्सिलीने लिहिलेली एक हिशेबाची वही. आज अंडी किती, खाद्याला किती गेले, कोणती कोंबडी खुडूक बसली, सगळं रोजच्या रोज. हे गाव एके काळी जगाची अंड्यांची राजधानी म्हणवायचं. अंडी उबवायच्या यंत्रावर बाइस आणि डायस यांनी १८७९ च्या सुमारास इथेच काम केलं.

साताऱ्याचा वाडा पाडला तेव्हा आजोबांच्या रोजकीर्दी रद्दीत गेल्या होत्या. ही वही जाऊ द्यायची नाही, एवढं पक्कं होतं.

गावचं संग्रहालय फोर्थ स्ट्रीटवरच्या जुन्या कार्नेगी वाचनालयात आहे. अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीचे १२,५०० डॉलर, आराखडा ब्रेनर्ड जोन्स यांचा, कोनशिला १९०४ ची. संग्रहालय झालं १९७८ मध्ये. आत गेल्यावर मान आपोआप वर जाते, कारण डोक्यावर रंगीत काचांचा घुमट आहे. अशा वास्तूत वही राहणार, या विचारानेच बरं वाटलं.

आधी फोटो पाठवले. उत्तर आलं: काही पुसू नका, डाग तसेच राहू द्या. वस्तू नेल्यावर तात्पुरती पोच मिळाली आणि पहिलाच प्रश्न आला, "वही कोणाची?" वहीवर फक्त आद्याक्षरं होती. मग सांता रोझाला, म्हणजे आमच्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मुख्य गावी, जाऊन तिथल्या दप्तरात आमच्या घराची खरेदीखतं एकेक मागे चाळत गेले. तिसऱ्या खतावर तीच आद्याक्षरं! त्या नावावर बोट ठेवून मी बराच वेळ बसून राहिले.

त्यानंतर वाट पाहणं. शेवटी निरोप आला: वही हवी आहे, खोकं नको, तशी त्यांच्याकडे आधीच आहेत. वस्तू जुनी असून भागत नाही, ती कोणाची हे कळावं लागतं. ते नाव सापडलं नसतं तर वहीचंही काय झालं असतं, कोण जाणे.

दानपत्र मात्र नीट वाचूनच सही करा. मालकी कायमची जाते, आणि वस्तू मांडलीच पाहिजे अशी अट घालता येत नाही. मला ते मान्य होतं. त्यांनी वहीच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने बारीक नोंदणी क्रमांक घातला.

खोक्यात आता आमचे कांदे-बटाटे असतात.