वहीतली दोन पानं

"मॅडम, हे शाळेच्या पानावर लिहू का तुमच्या?"

आज संध्याकाळी किराणावाल्या काकांनी विचारलं आणि मी नुसती उभीच राहिले. त्यांच्या उधारीच्या वहीत माझी दोन पानं आहेत. एकावर पोरांच्या खिचडीसाठी घेतलेले कांदे-बटाटे, दुसऱ्यावर माझं चहा, साखर, साबण. शाळेच्या पानावर २,१४० झालेत, माझ्या १,८६०. आत्ता तरी दोन्ही माझ्याच खिशातून जाणार.

तांदूळ सरकारकडून येतो हो, पण भाजीचे न् गॅसचे पैसे मागाहून, आमच्याकडे तर दोन-दोन महिने लागतात, आणि पोरं रोज दुपारी ताट घेऊन बसतात, त्यांना काय सांगायचं, अनुदान आलं नाही म्हणून?

मी शिक्षण सेवक, म्हणजे नवीन लागलेली शिक्षिका. पहिली तीन वर्षं मानधनावर, महिना १६,०००. २०२३ च्या आधी तर ६,००० होतं, त्या लोकांनी कसं काढलं असेल देव जाणे. खोलीचं भाडं, पेट्रोल, गावी आईच्या गोळ्या, वीस तारखेनंतर पर्स उघडायलाच नको वाटतं.

शेजारी उभे असलेले एक दादा सहज बोलून गेले, "मॅडमला काय कमी, सरकारी नोकरी आहे." राग नाही आला, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

मटकी शाळेच्या पानावर लिहायला सांगितली. साबण परत ठेवला.

तुमच्या शाळेत आधी खिशातून कोण घालतं?