फाइलीत माझं नाव

बारा वाजून गेलेत आणि ती एक ओळ काही डोक्यातून जात नाही. संध्याकाळी डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीए साहेबांनी त्याच्या लॉगिनच्या सेटिंगची फाइल स्क्रीनवर उघडून दाखवली. खालपर्यंत सगळीकडे स्क्रॅम-शा-२५६, म्हणजे पासवर्ड तपासायची नवी पद्धत. मध्येच एका ओळीला एमडी५, ही जुनी पद्धत, आणि तिच्या डोक्यावर हॅशचं चिन्ह देऊन कॉमेंट: 'टेम्पररी', पुढे माझं नाव. ज्या विकतच्या टूलसाठी ती ओळ आहे त्याचं नाही, ते बनवणाऱ्या कंपनीचं नाही. माझं.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. त्याच्या १३ व्हर्जनचा सपोर्ट नोव्हेंबर २०२५मध्ये संपला, तेव्हा १७वर जाणं भागच होतं. जाताना सगळ्यांचे पासवर्डही नवे ठेवले. १४पासून नवा पासवर्ड आपसूक स्क्रॅम पद्धतीनं साठवला जातो, आणि रोज डॅशबोर्डवर आकडे आणणाऱ्या आमच्या टूलच्या पोटातल्या ड्रायव्हरला, म्हणजे डेटाबेसशी बोलणाऱ्या तुकड्याला, ती पद्धतच ठाऊक नाही. लॉगमध्ये 'ऑथेंटिकेशन टाइप १० इज नॉट सपोर्टेड', आणि सकाळी डॅशबोर्डवर आदल्या दिवशीचेच आकडे. स्क्रॅम पोस्टग्रेसमध्ये आलं २०१७ला. पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरनं ते २०१८मध्येच शिकून घेतलं. तो ड्रायव्हर फुकट आहे, एक जार फाइल बदलायची फक्त. पण ती आपण हातानं बदलली तर पुढे सपोर्ट नाही, असं टूलवाल्यांचं म्हणणं. मग तुम्ही कधी बदलणार? तर 'रोडमॅपवर आहे.'

शेवटी गेले साहेबांकडे. त्यांनी त्या एका युजरचा पासवर्ड परत एमडी५मध्ये ठेवून दिला. कुरकुर केली असती तर बरं वाटलं असतं. काही बोललेच नाहीत, फाइलीत लिहून मोकळे झाले.

हे टूल मी घेतलेलं नाही. ज्यांनी घेतलं ते आता कुठे आहेत, असो. मला ते उघडून बघता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, पण अडलं की फोन मला. भाड्याच्या घरात नळ गळतो, मालक फोन उचलत नाही, आणि खालच्या मजल्यावरचे येऊन भांडतात ते आपल्याशी. शनिवारी ताईकडे जायचं होतं, तेही राहिलं. तिला काय सांगणार.

रागारागानं त्यांची सपोर्टेड व्हर्जनची यादी वाचायला बसले. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, संपतच नाही. पोस्टग्रेसचं मोठं व्हर्जन दरवर्षी येतं. मायएसक्यूएलनं ८.०मध्ये लॉगिनची पद्धत बदलली तेव्हाही जुने कनेक्टर असेच अडले होते. ही सगळी जोडकामं तपासायची तर कोणीही मागे पडेल. हे पटतं. पण मग त्यांचं नाव लिहा ना तिथे!

आणि मग फायनान्सच्या मॅडम आठवल्या. त्यांचा तो पुरातन एक्सेल मॅक्रो, ज्याला तारखेत दोनच आकडी वर्ष लागतं. त्याच्यासाठी मी डेटाबेसमध्ये एक वेगळा व्ह्यू, म्हणजे त्याच आकड्यांची वेगळी मांडणी, ठेवलाय. जाऊन बघितला. वर कॉमेंट: मॅडमचं नाव, आडनावासकट, आणि 'सध्यापुरतं'. तो मॅक्रो त्यांनी तरी कुठे लिहिलाय! एकटीच हसत बसले. साहेबांनी निदान मला दाखवलं तरी.

पोस्टग्रेस १८मध्ये एमडी५ पासवर्ड ठेवायला गेलं की वॉर्निंग येते. पुढे तो काढूनच टाकायचा पोस्टग्रेसवाल्यांचा विचार आहे. म्हणजे 'टेम्पररी'लाही मुदत आहे. मीटिंगमध्ये मी तावातावानं म्हणाले, दुसरं टूल बघू या. टूलमधली आपोआप चालणारी सगळी कामं नव्यानं बांधायला कोण बसणार, असं कोणीतरी विचारलं आणि विषय चहावर गेला. मार्चमध्ये रिन्यूअलचा कागद येईल, तो मीच पुढे सरकवणार. यंदा मात्र त्यावर ड्रायव्हर बदलायची तारीख लिहून घेणार, आणि त्यांच्याकडच्या कोणाचं तरी नाव.