तुम्ही विचारलंत म्हणून: कोरलला किती वॅटचा लाइट?

"तीन फुटी टाकी आहे, कोरल ठेवायचेत, किती वॅटचा लाइट घेऊ?" खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोरल, म्हणजे प्रवाळ, पाळू पाहणारे हे सारखं विचारतात आणि वॅटमध्ये उत्तर देत नाही म्हणून मी आखडू ठरलोय. तर एकदाच सविस्तर लिहितो.

वॅट हे तुमच्या वीजबिलाचं माप. कोरलच्या अंगावर काय पोचतं ते त्यातून कळत नाही. त्याच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला 400 ते 700 नॅनोमीटरमधला प्रकाश लागतो आणि त्याचं माप म्हणजे पार (PAR). (वडाचा नव्हे.) मश्रूम, लेदर या मऊ कोरलना 50 ते 100 पुरतो, हॅमर-टॉर्च या मांसल कोरलना 80 ते 150, फांद्या फुटणाऱ्या अ‍ॅक्रोपोराला 200 ते 350. पार मोजायचं मीटर पाण्यात बुडवून, कोरल बसणार त्याच दगडावर मोजायचं. फोनमधलं लक्सचं अ‍ॅप नको. लक्स माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं असतं, निळा प्रकाश त्याला फारसा दिसतच नाही.

"गॅलनला चार-पाच वॅट" हे पूर्वी मीच छातीठोक सांगायचो, कबूल. ट्यूबच्या जमान्यात ते खपलं, कारण सगळ्यांच्या नळ्या साधारण सारख्या. एलईडीत भिंग, उंची, निळ्याचं प्रमाण, सगळंच वेगळं.

त्या हिशेबाने काय झालं तेही सांगतो. टी-5 च्या (बारीक ट्यूबलाइटच्या) 39 वॅटच्या चार जुन्या नळ्या, म्हणजे 156 वॅट, उतरवल्या आणि 130 वॅटचा एलईडी पाण्यापासून 25 सेंटिमीटरवर टांगला. वॅट कमी, म्हणून पहिल्याच दिवशी 100 टक्के. दुसऱ्या दिवशी तीन तोंडांचा हॅमर उघडलाच नाही. चौथ्या दिवशी वरची कातडी फिकट. सहाव्या दिवशी दिव्याकडची बाजू चुन्यासारखी पांढरी आणि खाली, सावलीतली, अजून तपकिरी. नुसत्या तापमानाने इतकी सरळ सीमारेषा उमटत नाही, तेव्हाच ओळखायला हवं होतं. मी पाण्याला दोष दिला, 30 टक्के पाणी बदललं, हॅमर दोनदा हलवला. नायट्रेट शून्यावर गेलं, म्हणजे उपाशी जिवाचं ताट ओढलं. मग मीटर मिळालं: त्या दगडावर 340. नळ्यांखाली तिथे 110 सुद्धा नसावा. एका तोंडाचं मांस सांगाड्यावरून सुटून गेलं. उरलेली दोन वाचली ती लाइट 40 टक्क्यांवर आणून, जागा न हलवता, आठवड्यातून दोनदा मायसिसचे (कोळंबीसारख्या इवल्या जिवाचे) बारीक तुकडे भरवून. रंग यायला महिने लागले.

तर नवा लाइट 30-40 टक्क्यांवर सुरू करा, आठवड्याला 5 टक्के वाढवा. कोरल फिकट पडला तर प्रकाश जास्त किंवा नायट्रेट-फॉस्फेट शून्य. तपकिरी पडला तर बहुधा प्रकाश कमी किंवा नायट्रेट जास्त, शैवाल दाटतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. दर आठवड्याला भिंगावरचं मीठ पुसा. एप्रिल-मेमध्ये पाणी 28 अंशांच्या वर जात असेल तर टक्के वाढवायचे नाहीत. उष्णता आणि उजेड मिळून मारतात. वीज गेली तर लाइटची काळजी सोडा, काही तासांच्या अंधाराने कोरल मरत नाही. यूपीएस लावायचा तो पंपाला, कारण ऑक्सिजन आधी संपतो.

आणि "मालवणहून एक तुकडा आणू का?" हेही विचारू नका. टणक प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

निळा किती, पांढरा किती, यावर मात्र माझं अजून ठरत नाही. 420 ते 480 नॅनोमीटरचा पट्टा शैवालाच्या कामाचा, हे पक्कं. पण नुसत्या निळ्याखाली कोरल चमकतात आणि फिकट पडलेलं कळतच नाही. म्हणून दुपारी दोन तास मी पांढरा वाढवतो. तो कोरलसाठी की माझ्या डोळ्यांसाठी, विचाराल तर बहुधा डोळ्यांसाठीच.