सौर इन्व्हर्टरचे प्लगइन बंद करताना : माझा अनुभव

मुक्त-स्रोत प्लगइन (दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडून वापरायचा, कोणालाही पाहता येणारा छोटा कोड) रीतसर बंद करायला दोन संध्याकाळी पुरतात, हे आता मी अनुभवाने सांगू शकते. मला स्वतःला मात्र त्यासाठी अडीच महिने लागले, कारण त्यांतले ७४ दिवस मी एका कंपनीच्या संकेतस्थळावरील ‘पडताळणी सुरू आहे’ या तीन शब्दांकडे पाहत घालवले. कंपनीचे नाव येथे लिहीत नाही. ज्यांच्या गच्चीवर तिचे इन्व्हर्टर आहेत त्यांना ते ओळखू येईल आणि इतरांना त्याचा काही उपयोग नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. नाशिकच्या आमच्या घरावर तीन किलोवॉटचे सौर पॅनेल आहेत. इन्व्हर्टरला वायफायचा एक छोटा डोंगल लागतो, तो वीजनिर्मितीचे आकडे कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतो आणि ते आकडे कंपनीच्या मोबाइल ॲपमध्ये दिसतात. म्हणजे माझ्या गच्चीवरचा आकडा माझ्या दिवाणखान्यात येण्यासाठी दूरदेशीच्या सर्व्हरला वळसा घालून येतो. होम असिस्टंटमध्ये (घरातली उपकरणे एका जागी पाहण्या-चालवण्याच्या मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरमध्ये) ऑगस्ट २०२१ च्या आवृत्तीत ऊर्जेचा डॅशबोर्ड आला, तेव्हा हे आकडे तेथे आणण्यासाठी मी एक छोटे प्लगइन लिहिले. होम असिस्टंटच्या परिभाषेत त्याला इंटिग्रेशन म्हणतात. कंपनी त्या काळात कोणाही ग्राहकाला विकासकाची चावी, म्हणजे सर्व्हरकडून आकडे मागण्यासाठीचा गुप्त संकेत, देत असे. नाव आणि ईमेल भरला की दहा मिनिटांत चावी हाती पडे. मी कोड एमआयटी परवान्याखाली (कोणीही वापरावा, बदलावा अशा मोकळ्या अटींवर) गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवला, लोक वापरू लागले, आणि चार वर्षे फारसे काही बिघडले नाही.

मग एका मंगळवारी सकाळी सगळे आकडे ‘अनुपलब्ध’ झाले. लॉगमध्ये ४०३ हा त्रुटिसंकेत होता. अशा वेळी पहिला संशय स्वतःवरच येतो, त्यामुळे मी दुपारपर्यंत माझ्याच कोडमध्ये चूक शोधत बसले. येथे एक सूचना देऊन ठेवते. ४०१ आला तर चावी किंवा पासवर्ड तपासावा, ४२९ आला तर आपण फार वेळा विचारणा करतो आहोत असे समजावे. पण सगळ्या वापरकर्त्यांना एकाच तासात ४०३ येऊ लागला, तर सर्व्हरला आपले म्हणणे कळलेले आहे आणि त्याने ठरवून नकार दिलेला आहे. तेव्हा कोड उघडण्याआधी कंपनीची विकासकांसाठीची सूचना वाचावी. मी ती संध्याकाळी वाचली. वैयक्तिक चाव्या रद्द झाल्या होत्या आणि यापुढे प्रवेश फक्त ‘पडताळणी झालेल्या संस्थांना’ मिळणार होता. अर्ज करण्यासाठी खाली एक निळे बटण होते.

ते बटण दाबले ही माझी चूक. निदान त्याच्या खालची बारीक अक्षरांतली ओळ न वाचता दाबले, ही तर नक्कीच. त्या ओळीकडे नंतर येते.

फॉर्म पाच पानांचा होता. पहिल्याच पानावर अर्जदाराचा प्रकार निवडायचा होता आणि पर्याय चार होते : इन्स्टॉलर, वितरक, सिस्टिम इंटिग्रेटर आणि ऊर्जा व्यवस्थापन संस्था. ज्याने पैसे मोजून इन्व्हर्टर विकत घेतला त्या ग्राहकासाठी पर्यायच नव्हता. मी ‘सिस्टिम इंटिग्रेटर’ निवडले, कारण अक्षरशः पाहिले तर मी तेच करत होते. दुसऱ्या पानाने माझा नेहमीचा ईमेल नाकारला. तेथे संस्थेच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता हवा होता. म्हणून मी प्लगइनच्या नावाने एक डोमेन विकत घेतले. शून्य रुपये उत्पन्न असलेल्या कामासाठी, केवळ एका चौकटीत ‘@’च्या पुढे काहीतरी लिहिता यावे म्हणून, मी वर्षाचे पैसे भरले, हे आज लिहितानाही मला लाज वाटते.

तिसऱ्या पानावर कर नोंदणी क्रमांक अनिवार्य होता आणि भारत निवडल्यावर त्या चौकटीला जीएसटीची १५ अक्षरेच हवी होती. महाराष्ट्रात सेवा पुरवणाऱ्याला साधारणपणे वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर ही नोंदणी सक्तीची होते. फुकट वाटलेल्या कोडची उलाढाल किती धरायची हे मला कोणीच सांगू शकले नसते. एका मित्राने सुचवले की उद्यम नोंदणी विनाशुल्क होते, ती करून प्रमाणपत्र जोडून टाक. मी संकेतस्थळ उघडून आधार क्रमांक टाकण्यापर्यंत गेले आणि थांबले. जो व्यवसाय मी करत नाही त्याचे सरकारी प्रमाणपत्र एका खासगी फॉर्मसाठी काढणे मला पटेना. शेवटी कंपनीच्या मदत कक्षाला ईमेल लिहून विचारले. नऊ दिवसांनी उत्तर आले की कर क्रमांक नसल्यास त्या जागी १५ शून्ये भरावीत. ही युक्ती फॉर्मवर कोठेही लिहिलेली नव्हती.

चौथ्या पानावर ‘आपल्या अखत्यारीतील प्लांटची संख्या’ विचारली होती. मी प्रामाणिकपणे १ लिहिले. त्यामुळे असेल किंवा नसेल, पण अर्ज पुढच्या टप्प्यात गेल्यावर इन्व्हर्टरचा अनुक्रमांक आणि त्याच्या स्टिकरचे छायाचित्र मागितले गेले. इन्व्हर्टर जिन्याच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर आहे आणि चार उन्हाळ्यांत ते स्टिकर पार पिवळे पडले आहे. ओल्या फडक्याने पुसून, तिरक्या प्रकाशात धरून मी जो क्रमांक वाचला त्याचे शेवटचे अक्षर आठ होते. अकरा दिवसांनी उत्तर आले की क्रमांक नोंदीशी जुळत नाही. ते इंग्रजी बी होते. मी दुरुस्ती पाठवली, तेव्हा जुने तिकीट (अर्जाची नोंद) बंद करून नवे तिकीट उघडले गेले आणि उत्तरासाठीच्या सात कामकाजी दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

मध्यंतरी, स्थानिक माणूस मध्यस्थी करू शकेल या आशेने, मी आमचे पॅनेल बसवणाऱ्या दादांना फोन केला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “ताई, ॲपवर दिसतंय ना? मग झालं की.” त्यांचे म्हणणे चूक नव्हते. त्यांच्या दृष्टीने खरोखरच काही बिघडलेले नव्हते.

या सगळ्या काळात गिटहबवर लोक विचारत होते आणि मी दर आठवड्याला ‘अर्ज केला आहे, थोडा धीर धरावा’ असे लिहीत होते. मला सर्वाधिक खंत आहे ती याचीच. मी धीर धरायला सांगत राहिले म्हणून अनेकांनी दुसरा मार्ग शोधला नाही, आणि त्यांच्या दोन-अडीच महिन्यांच्या वीजनिर्मितीची नोंद कायमची रिकामी राहिली.

चौऱ्याहत्तराव्या दिवशी मंजुरी आली! आनंद सुमारे चार मिनिटे टिकला, कारण सोबत स्वाक्षरीसाठी करारनामा होता. चावी एकाच संस्थेने वापरावी, तिसऱ्या पक्षाला देऊ नये, आणि एपीआयच्या (सर्व्हरशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) रचनेविषयीची कोणतीही माहिती किंवा तिच्यावर आधारित कोड प्रकाशित करू नये, अशी त्यात अट होती. म्हणजे मी प्लगइन चालवू शकत होते, पण ते कोणाला दाखवू शकत नव्हते. हाच करारनामा पहिल्या दिवशी त्या निळ्या बटणाखालच्या बारीक ओळीत दुवा म्हणून दिलेला होता. त्यामुळे माझा पहिला आणि सर्वांत कळकळीचा सल्ला असा की फॉर्म भरण्याआधी अटी वाचाव्यात, आणि त्यांत ‘प्रकाशित’ हा शब्द शोधावा.

काही वापरकर्त्यांचा आग्रह होता की मोबाइल ॲप ज्या मार्गाने लॉगिन करते त्याची नक्कल करावी. तांत्रिकदृष्ट्या ते अवघड नव्हते. मी नकार दिला, कारण त्या लॉगिनने केवळ आकडे वाचता येत नाहीत, इन्व्हर्टरच्या सेटिंगही बदलता येतात, आणि लोकांचे तसले पासवर्ड माझ्या कोडने सांभाळावेत ही जबाबदारी मला नको होती. शिवाय हा उंदीर-मांजराचा खेळ कसा संपतो ते २०२३ मध्ये दिसले होते. चेंबरलेन कंपनीने गॅरेजच्या दारांच्या मायक्यू सेवेवरील अनधिकृत प्रवेश रोखला, आणि वारंवार दुरुस्त्या करून थकल्यावर होम असिस्टंटने डिसेंबरच्या आवृत्तीत ते इंटिग्रेशन काढूनच टाकले.

प्रत्यक्ष बंद करण्याचे काम त्यानंतरच्या शनिवार-रविवारी झाले. मी उत्साहाच्या भरात आधी रिपॉझिटरी (गिटहबवरचे कोडचे भांडार) अर्काइव्ह केली आणि मग रीडमी (माहितीचे पहिले पान) बदलायला गेले, तर काहीच बदलता येईना, कारण अर्काइव्ह केल्यावर कोड, इश्यू (लोकांचे प्रश्न-तक्रारी), प्रकाशने (नव्या आवृत्त्या) असे सगळेच फक्त वाचनापुरते उरते. ते परत उघडता येते, पण लोकांचा गोंधळ होतो. रीडमी, पिन केलेला इश्यू आणि शेवटचे प्रकाशन हे सारे उरकून अर्काइव्हचे बटण अगदी शेवटी दाबावे. शेवटचे प्रकाशन टाळू नये. रीडमी कोणी पुन्हा वाचत नाही, पण होम असिस्टंटमध्ये ऑगस्ट २०२२ पासून ‘रिपेअर्स’ची सोय आहे आणि तेथे टाकलेली सूचना थेट घरमालकाच्या पडद्यावर दिसते. त्याच प्रकाशनात मी सर्व्हरला विचारणा करणारा भागही काढून टाकला. दर पाच मिनिटांनी एक म्हणजे प्रत्येक घरातून दिवसाला २८८ विनंत्या, त्याही केवळ नकार ऐकण्यासाठी, चालू ठेवण्यात अर्थ नव्हता.

प्लगइन ताब्यात घेण्याची तयारी दोघांनी दाखवली होती. त्यांतल्या एकाचे पूर्वीचे कोणतेही काम मला सापडले नाही, म्हणून मी दोघांनाही फोर्क करून (कोडची स्वतंत्र प्रत घेऊन) आपल्या नावाने पुढे न्यायला सांगितले. कोणाला हा उद्धटपणा वाटेल. परंतु २०१८ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावरील इव्हेंट-स्ट्रीम हे पॅकेज मूळ लेखकाने मदतीला आलेल्या अनोळखी व्यक्तीकडे सोपवले आणि त्यातून बिटकॉइन वॉलेट लुटणारा कोड आत शिरला, हे मी विसरलेले नाही. स्वयंचलित चाचण्यांसाठी साठवलेली गुपिते (चाव्या आणि पासवर्ड) पुसायची मात्र मी विसरले होते, ती बुधवारी आठवली. चहापाण्याच्या देणगीचा दुवा त्याच्याही नंतर काढला.

आकडे मला आता थेट इन्व्हर्टरकडून मिळतात. आमच्या इन्व्हर्टरला, इतर अनेक इन्व्हर्टरांप्रमाणे, आरएस-४८५ची (तारांची) जोडणी असून तिच्यावर मॉडबस ही यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याची पद्धत चालते आणि होम असिस्टंटमध्ये मॉडबसची सोय मुळातच आहे. गच्चीवरून खाली वायर आणून पहिल्यांदा जोडली तेव्हा काहीच येईना. ए आणि बी या दोन तारा उलट लागल्या होत्या. त्या बदलल्यावर पडद्यावर २३१७ हा आकडा उमटला, आणि त्याला दहाने भागायचे असते हे लक्षात येईपर्यंत माझा जीव वर-खाली झाला. व्होल्टेज २३१.७ होते. जुनी नोंद पुढे चालू राहावी असे वाटत असेल, तर नव्या सेन्सरला जुन्याच सेन्सरची ओळख (एंटिटी आयडी) द्यावी. डॅशबोर्डची दीर्घकालीन आकडेवारी त्या ओळखीला बांधलेली असते आणि ती आपल्याच घरच्या संगणकावर असते.

करारनाम्यावर मी स्वाक्षरी केलेली नाही. दर सोमवारी त्या नव्या डोमेनच्या पत्त्यावर एक स्मरणपत्र येते की आपली संस्था पडताळणीत उत्तीर्ण झाली असून केवळ एक पायरी उरली आहे.