अकराव्या तासाची मजुरी

निफाड तालुक्यातल्या एका एक्स्पोर्टच्या द्राक्षबागेवर मी सुपरवायझर आहे. हजेरी आणि पगारवाटप माझ्याकडे. त्या मार्चमध्ये ब्रिक्स, म्हणजे मण्यातल्या साखरेचं माप, बसली, व्यापाऱ्याची गाडी ठरली, आणि त्याच रात्री पावसाचा अंदाज आला. पिकलेल्या घडावर पाणी पडलं की मणी तडकतात, मग व्यापारी बागेकडे फिरकत नाही.

सकाळी सहाला पेठ-सुरगाण्याकडची टोळी लागली होती, रोज चारशे. एरवी उन्हाच्या आत काढणी आटोपतो, त्या दिवशी थांबायची सोयच नव्हती. आणि हे काम रेटून होत नाही. घड देठाला धरूनच कापायचा, मण्यावरची पांढरी पावडर बोटानं पुसली गेली की माल लोकलला गेला म्हणून समजा. दुपारी तीनच्या सुमारास मुकादमाला घेऊन पिकअप नाक्यावरच्या मजूर अड्ड्यावर नेली.

आभाळ त्यांनाही दिसत होतं. "चारशे पूर्ण, नाहीतर नाही." मालकाला फोन लावला. ते म्हणाले, "आणा. पाचशे मागितले असते तरी आणले असते."

मुकादम माणसं निवडायला लागला. तू चल, तू चल. एक म्हातारी मावशी फाळक्यावर पाय ठेवून चढतच होती. हातातल्या फडक्यात कात्री, भाकरीची गाठ सकाळपासून सुटलेली नव्हती. "मावशे, तुझा हात चालायचा नाही. उद्या बघू." ती उतरली.

अंधार पडल्यावर शेडमध्ये वाटप सुरू झालं. टोळीचा हिशेब आठवड्याला होतो, पण अड्ड्यावरची माणसं रोख घेतात. (मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, असं बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आहे. ते त्याच दिवसापुरतं तरी अड्ड्यानं पाळलंय, आम्ही नाही.) चारशेच्या नोटा बघून सकाळची टोळी पुढे आली. "आम्ही उन्हात मेलो, अन् यांना चार तासांचे चारशे?"

मालक म्हणाले, "तुमचं-माझं चारशेच ठरलं होतं ना? कमी दिले का? पैसा माझा आहे."

माझे कान टवकारले. आमचं घर ख्रिस्ती, नगरकडचं. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात, येशूनं सांगितलेल्या गोष्टीतला द्राक्षमळ्याचा धनी हेच बोलतो. तो पहाटे एक दिनार ठरवून मजूर आणतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी पाचला, म्हणजे दिवसाच्या अकराव्या तासाला. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दिनार. दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. पहाटेचे कुरकुरतात, तो म्हणतो, ठरलं होतं तेवढं दिलं, माझ्या पैशाचं मी काय करावं? आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, सांगतात की हा दाखला, ही बोधकथा, स्वर्गाच्या राज्याची आहे, पगाराची नाही. असेल. पण हजेरीवही सांभाळणाऱ्याला तो एवढ्यावर सोडवत नाही.

कारण आकडे तंतोतंत जुळत होते. जॉन बेट्स क्लार्क या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १८९९ मध्ये मांडलं की खुल्या स्पर्धेत मजुराला त्याच्या श्रमानं उत्पन्नात जेवढी भर पडते तेवढं मिळतं. त्या हिशेबानं पावसाआधीच्या चार तासांचे चारशे महाग नव्हतेच, वाचलेला एकेक क्रेट त्याहून मोलाचा होता. म्हणजे बाजारानं दिलं तेच शुभवर्तमानातल्या धन्यानंही दिलं. फक्त आमच्याकडे अडलेला होता मालक. दाखल्यात पावसाचा, घाईचा शब्दही नाही. पाच वाजता धनी विचारतो, दिवसभर इथं रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर घेतलं नाही. असलं उत्तर आमच्या नाक्यावर त्या मावशीचं होतं. तिथल्या वहीत तिला पूर्ण दिनार आहे, माझ्या वहीत तिचं नावही नाही.

पण सकाळच्या टोळीचं म्हणणं मला खोटं वाटत नव्हतं. मालकांना बाजूला घेऊन म्हटलं, "तीननंतर हाताचा भाव चढला, तर तो सगळ्याच हातांचा चढला. टोळीही तेव्हा तेच घड कापत होती. उशिरा आलेल्यांना बाजारभाव आणि यांना करार, असं कसं?"

"हे धर्माचं सांगताय की हिशेबाचं?"

"हिशेबाचं."

ते गप्प बसले. मग मुकादमानं हळूच सांगितलं की शेजारच्या बागेतून टोळीला बोलावणं आलंय. तेव्हा कुठे माणशी पन्नास वाढवले. धर्म नाही, हिशेब नाही, शेजाऱ्याची भीती कामी आली.

पाऊस शिंतोड्यांवरच गेला. उरलेली बाग मुकादमानं क्रेटमागे दर ठरवून उक्ती घेतली. कोण किती वाजता आलं हा वादच मिटला. दोन दिवसांनी ती मावशी बांधावर येऊन उभी राहिली, तेव्हा मालकांना काही ठरवावं लागलं नाही. पैसे सारखे वाटून घ्यायचे होते, टोळीनंच तिला परत पाठवलं.